मुख्य मशीन आणि माझा मेमो

कल्याण-शीळ रस्त्यापासून आत एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तांत्रिक सहायक आहे. अकरा वर्षं झाली. पद कंत्राटी, म्हणजे दर उन्हाळ्यात माझी नेमणूक संपते आणि कॉलेज सुरू झालं की पुन्हा होते. मधल्या काळात मी कॉलेजची कोणी नसते, पण फोन मात्र मलाच येतात. राहते आंबिवलीला, आईबरोबर.

गेल्या वर्षी भौतिकशास्त्राच्या मॅडमना एका संशोधनासाठी नऊ कॉम्प्युटरांचा संच मंजूर झाला. नऊ मशीन एकमेकांना जोडायची आणि एकाच मोठ्या मशीनसारखी वापरायची. त्यातलं एक मुख्य. बाकीची आठ राबणारी. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी मशीन चालवणारी प्रणाली, आधी मुख्य मशीनवर बसवायचं, मग आठांपैकी कुठलंही मशीन चालू झालं की ते नेटवर्कवर विचारतं, कोणी आहे का. मुख्य मशीन त्याला एक पत्ता देतं आणि त्याच्या डिस्कवर आपणहून नवं लिनक्स बसवतं. डिस्कवर आधीचं जे काही असेल ते पुसून. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. आमच्याकडे ते माझ्याशिवाय कोणी लक्षात ठेवलं नाही.

बसवायचं काम अर्थातच मला मिळालं नाही. मी आमच्या विभागप्रमुखांना विचारलेलं. पन्नाशीचे गृहस्थ, बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, हे तुमचं प्रिंटरचं काम नाही. कंपनीचा माणूस येईल."

मी घरी जुनी तीन मशीन जोडून असा छोटा संच दोनदा बसवलेला होता. ते त्यांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "छान छंद आहे."

कंपनीचा इंजिनिअर ठाण्याहून आला. तिशीचा असेल. हुशार होता, ते नाकारणार नाही, पण त्याला त्याच दिवशी आणखी एका ठिकाणी जायचं होतं. सकाळी मुख्य मशीनवर लिनक्स टाकलं, आठही मशीन एकामागून एक चालू केली, दुपारी जेवणाच्या आत सगळी हिरव्या दिव्यांनी लुकलुकत होती. मी बाजूला उभी राहून बघत होते. त्याने आठ मशीनची यादी कुठेच लिहिली नाही. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो. ते आठ क्रमांक मुख्य मशीनला लिहून दिले की ते फक्त त्याच आठांना हात लावतं.

मी विचारलं, "यादी नाही टाकली?"

"काय गरज आहे मॅडम? ओपन ठेवलंय. उद्या आणखी एखादं मशीन घेतलंत तर आपोआप लागेल. मस्त सोय."

"आणि चुकून भलतंच मशीन जोडलं गेलं तर?"

"या सगळ्या वायरी जोडायचा हा स्विच वेगळा आहे ना. कॉलेजच्या नेटवर्कशी याचा काही संबंधच नाही. टेन्शन नका घेऊ."

मुख्य पासवर्ड त्याने दिला नाही. वॉरंटी असेपर्यंत तो कंपनीकडे राहणार होता. आम्हाला साधी खाती मिळाली, ज्यातून गणितं चालवता येतात, पण मशीनची व्यवस्था बदलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांना ईमेल लिहिलं. तीनच वाक्यं. मुख्य मशीन अनोळखी मशीनवरही लिनक्स बसवेल अशा स्थितीत आहे. त्यामुळे कोणाचीही डिस्क पुसली जाऊ शकते. कंपनीला सांगून हे बंद करून घ्यावं. उत्तर आलं एका शब्दाचं: "नोटेड." त्या दुपारी ते भेटले तेव्हा म्हणाले, "कंपनीच्या माणसाला आपण शिकवायला जाऊ नये, मॅडम. बरं दिसत नाही."

त्यानंतर दहा-बारा दिवस गेले. कॉलेजात तेव्हा शिष्यवृत्तीची धावपळ चालू होती. अर्ज मुलं ऑनलाइन भरतात, पण कागद तपासून पुढे पाठवायचं काम कॉलेजचं. आमच्याकडे ते कार्यालय अधीक्षक करतात. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, मूळचे राजापूरकडचे, कामाला चोख, मशीनला जरा घाबरणारे. मुलांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, पासबुकाची पानं असं सगळं त्यांनी स्कॅन करून स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं. कोणाच्या अर्जात काय चूक आहे, कोणाला परत बोलवायचंय, याचा तक्ताही तिथेच. दुसरी प्रत कुठेही नाही. मुदत संपायला सहा दिवस होते.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वीज गेली आणि मिनिटभरात आली. एमआयडीसीच्या पट्ट्यात हे रोजचंच. मी डबा उघडत होते तेवढ्यात कार्यालयातली शिपाईण धावत आली. "मॅडम, भाऊसाहेबांच्या पीसीवर काहीतरी काळं-पांढरं पळतंय."

मी पोचले तेव्हा पळणं संपलेलं. पडद्यावर लिनक्सची नाव विचारणारी रिकामी ओळ उभी होती. भाऊसाहेब खुर्चीवरून उठून मागे उभे राहिलेले, जणू मशीनवर साप चढलाय. त्यांनी मला विचारलं, "माझे फोल्डर कुठे गेले?"

मला कळायला अर्धं मिनिट लागलं. कळल्यावर मी पहिल्यांदा मागची वायर ओढली. उपयोग नव्हता. ते जुनं मशीन चालू होताना आधी नेटवर्कवर विचारायचं आणि मग स्वतःच्या डिस्ककडे वळायचं. तशी सेटिंग कोणे एके काळी कोणीतरी करून ठेवलेली. वीज परत आली, त्याने विचारलं, कोणी आहे का. आणि दोन मजले वरून, इन्व्हर्टरवर चालूच राहिलेलं आमचं मुख्य मशीन म्हणालं, मी आहे.

डिस्क मी डोंबिवलीतल्या एका माणसाकडे नेली, जो अशा डिस्कमधून माहिती परत काढतो. थोडं मिळालं. बहुतेक फायली अर्ध्या, उघडणाऱ्या कमी. साठेक मुलांना पुन्हा कागद घेऊन बोलवावं लागणार होतं.

तिसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. "आपल्या निष्काळजीपणामुळे कार्यालयीन संगणकातील माहिती नष्ट झाली असून आपल्यावर कारवाई का करू नये याचा लेखी खुलासा करावा." खाली विभागप्रमुखांची सही. ज्या हाताने "नोटेड" लिहिलं त्याच हाताची.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, मुख्य पासवर्डसुद्धा माझ्याकडे नाही. मी काय केलं असेन?"

"अहो, खोली तुमच्या ताब्यात आहे ना. कोणाला तरी जबाबदार धरावं लागतं. तुम्ही एक माफीपत्र द्या साधं, मी प्रकरण मिटवतो."

"मी ईमेल केलेलं."

"ते मी नाकारत नाही. पण ते आता कशाला उकरायचं?"

असा राग मला आयुष्यात फार वेळा आलेला नाही. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते अगदी मायेने बोलत होते. कंत्राटी बाई आहे, माफी लिहून देईल, पुढच्या नेमणुकीचा विचार करेल, असा त्यांचा हिशोब होता आणि तो त्यांना चांगुलपणा वाटत होता.

माफीपत्र मी दिलं नाही. त्याऐवजी भौतिकशास्त्राच्या मॅडमकडे गेले. कमी बोलणाऱ्या बाई, कोणाच्या भांडणात कधी पडत नाहीत. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मला मुख्य मशीन पेन ड्राइव्हवरून चालू करून त्याची डिस्क वाचायची आहे, त्याला पासवर्ड लागत नाही. नुसती वाचायची. आत सगळ्या नोंदी असतात."

त्या म्हणाल्या, "संच माझ्या प्रकल्पाचा आहे. उघडा. मी बसते शेजारी."

नोंदी अगदी स्वच्छ होत्या. दुपारी एक वाजून सतरा मिनिटांनी आठांबाहेरच्या एका मशीनने पत्ता मागितला, त्याला मिळाला, आणि एक वाजून एकोणीस मिनिटांनी त्याची डिस्क पुसायला सुरुवात झाली. त्या मशीनचा क्रमांक मी वहीत उतरवला, खाली जाऊन भाऊसाहेबांच्या कॉम्प्युटरच्या मागचा स्टिकर पाहिला. तोच. पण एक प्रश्न राहिला. आमचा स्विच जर कॉलेजच्या नेटवर्कपासून वेगळा होता, तर खालच्या मजल्यावरचा कॉम्प्युटर वर पोचला कसा?

खोलीत जाऊन स्विचच्या मागे हात घातला. आठ मशीनच्या आठ निळ्या वायरी, मुख्य मशीनची एक, आणि दहावी एक करडी, जी कंपनीच्या माणसाने लावलेली नव्हती. ती भिंतीतल्या कॉलेजच्या सॉकेटमध्ये गेलेली. आणि अकरावी दाराबाहेर, जिथे नवं अंगठ्याचं हजेरी यंत्र बसवलेलं होतं. कोणीतरी त्या यंत्राला नेटवर्क द्यायला आमचाच स्विच वापरला आणि दोन वेगळी ठेवलेली नेटवर्कं एक करून टाकली.

मी फोटो काढले. दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये भाऊसाहेब माझ्यासमोर येऊन बसले. चहा पुढ्यात निवत होता. म्हणाले, "मॅडम, ते हजेरीचं मशीन त्या दिवशी सकाळी मीच लावून घेतलं. इलेक्ट्रिशियनला म्हटलं, जवळ जिथे मोकळी जागा दिसेल तिथे जोड. मला काय माहीत तिथे असं काही असतं."

त्यांच्यावर रागवावं असं वाटत होतं आणि रागवता येत नव्हतं. खोलीच्या दारावर "हा स्विच वापरू नये" अशी पाटी लावायला मीही विसरलेले होते.

"भाऊसाहेब, हे लिहून द्याल?"

त्यांनी कप बाजूला सरकवला. "दोन वर्षं राहिली आहेत माझी," म्हणाले, आणि चहा तसाच सोडून उठले.

घरी आईला सांगितलं. तिने एकच विचारलं, "तू केलंस का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग माफीपत्रावर सही करायची नाही." माझ्या वडिलांनी आंबिवलीच्या कारखान्यात फिटरचं काम केलं. मी शिकले ती याच शिष्यवृत्तीवर. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आईने दोन दिवसांची कामं बुडवून तहसील कार्यालयाच्या ओट्यावर बसून काढलेलं मला आठवतं. म्हणून त्या पुसलेल्या फायली माझ्यासाठी नुसत्या फायली नव्हत्या.

दरम्यान भौतिकशास्त्राच्या मॅडमनी कंपनीला कडक पत्र लिहून पासवर्ड मागवून घेतला. मी मुख्य मशीन पहिल्यापासून पुन्हा बसवायचं ठरवलं. दुरुस्ती नाही, कोरी पाटी. चार दिवस रोज दुपारी दोन ते सहा मी त्या खोलीत होते. आधी करडी वायर काढली. मग लिनक्स. मग दोन नेटवर्क कार्डं: एक बाहेरच्या जगाकडे, एक आठ मशीनकडे, आणि दोघांच्या मध्ये भिंत. मग आठ क्रमांकांची यादी, हाताने, एकेक अक्षर दोनदा तपासून. यादीत नसलेल्या मशीनला पत्ताही नाही आणि लिनक्सही नाही. आठही मशीन लागली की बसवण्याची सोयच बंद, आणि पुन्हा लागेल तेव्हा माणसाने मुद्दाम चालू करायची.

शेवटी काम वाटून देणारा प्रोग्रॅम. तिथे अडलं. आठांपैकी तीन मशीन मुख्य मशीनला ओळखच देईनात. एक पूर्ण दुपार गेली. चूक माझीच निघाली: सगळ्या मशीनची घड्याळं जुळवायची व्यवस्था मी सगळ्यात आधी करायला हवी होती. त्या तीन मशीनमधले घड्याळाचे सेल खोक्यात पडून मेलेले, आणि ती कितीतरी वर्षं मागे चालत होती. वेळ जुळत नसली की मुख्य मशीन समोरच्यावर विश्वास ठेवत नाही. संध्याकाळी डोंबिवली स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणले, दुसऱ्या दिवशी बसवले, वेळ जुळवली. आठच्या आठ हजर. मॅडमनी त्यांचं पहिलं गणित लावलं आणि ते आठही मशीनवर वाटलं जाताना दोघी बघत बसलो. त्या म्हणाल्या, "हे मुळात असंच व्हायला हवं होतं ना?" मी हो म्हटलं. त्या एका प्रश्नाने मला पगारवाढीपेक्षा बरं वाटलं.

तोवर शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. साठेकांपैकी नऊ जणांचे कागद वेळेत परत आले नाहीत. कोणी गावी, कोणाचा दाखला पुन्हा काढायचा, एका मुलीचे वडील आजारी. उशिराचे अर्ज घ्यावेत म्हणून कॉलेजने ठाण्याच्या सरकारी कार्यालयाला पत्र लिहायचं ठरलं. मसुदा टाइप करायला माझ्याकडेच आला, कारण भाऊसाहेबांच्या मशीनवर तेव्हा मराठी टाइप होत नव्हतं.

मसुद्यात लिहिलेलं: "सदर विद्यार्थ्यांनी विहित मुदतीत कागदपत्रे सादर न केल्यामुळे..."

मी ते वाक्य तीनदा वाचलं. त्या नऊ मुलांनी कागद दिलेले होते. वेळेत दिलेले होते. कॉलेजने ते पुसले, आणि आता कॉलेजच सरकारला लिहून देणार होतं की मुलं आळशी आहेत. माझ्या मेमोने मला एवढा संताप आला नव्हता. माझ्याकडे निदान ईमेल होतं, नोंदी होत्या, बोलायला तोंड होतं. त्या मुलांना आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय हे कधी कळणारही नव्हतं.

मी कागद घेऊन केबिनमध्ये गेले. "सर, हे खोटं आहे. मी टाइप करणार नाही."

"भाषा आहे ती कार्यालयीन. त्यात एवढं काय?"

"त्यांनी कागद दिलेले. आपण घालवले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. संच समाधानकारकरीत्या बसवून मिळाल्याचा कंपनीचा दाखला. त्यावर तांत्रिक सहायकाची सही लागणार होती. म्हणाले, "हे बघा, आपण व्यवहारी माणसं आहोत. तुम्ही यावर सही करा. मी तुमचा मेमो मागे घेतो. पत्र आहे तसं जाऊ दे. सगळ्यांचं भलं होईल."

"मुलांचं कसं होईल?"

"मिळेल हो त्यांना. विनंतीच आहे ना ती."

"मग कारण खरं लिहा. मेमो राहू दे."

मी बोलून गेले. नेमणूक संपायला फार दिवस राहिले नव्हते. पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. दाखला मी तिथेच ठेवला, सही न करता.

त्याच संध्याकाळी मी माझा खुलासा लिहिला. नोंदींची प्रत, स्टिकरचा फोटो, वायरीचा फोटो, ईमेल आणि त्यावरचं "नोटेड". भाऊसाहेबांचं नाव मी घातलं नाही. ते त्यांनी घालायचं होतं. कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर खुलासा दिला, तेव्हा शिक्का मारायला तेच बसलेले होते. त्यांनी तो सबंध वाचला. शिक्का मारला. मग कोरा कागद ओढला आणि माझ्यासमोर त्यांच्या सुंदर, जुन्या वळणाच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या: हजेरी यंत्राची जोडणी माझ्या तोंडी सूचनेवरून त्या स्विचवर करण्यात आली. विद्यार्थ्यांनी कागदपत्रे मुदतीत माझ्याकडे दिली होती. खाली सही. ती दुसरी ओळ मी त्यांच्याकडे मागितलेली नव्हती.

"भाऊसाहेब, तुमची दोन वर्षं," मी म्हटलं.

"ती जातील जशी जायची तशी," ते म्हणाले. "त्या पोरांचे दाखले मी माझ्या हाताने घेतलेत हो. त्यांच्या नावाने खोटं कसं लिहायचं?"

हा कागद फाइलला लागल्यावर जुना मसुदा पाठवणं कोणालाच शक्य नव्हतं. प्राचार्यांनी स्वतः वाक्य बदललं: "महाविद्यालयाच्या तांत्रिक चुकीमुळे." मी ते टाइप केलं आणि भाऊसाहेबांबरोबर ठाण्याला जाऊन हातोहात दिलं. नऊही अर्ज घेतले गेले.

बाकीचं मात्र काही सुधारलं नाही. कंपनीच्या दाखल्यावर विभागप्रमुखांनी स्वतः सही केली. संचाच्या उद्घाटनाला त्या इंजिनिअरला शाल आणि नारळ दिला. तो बिचारा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, आत सगळं वेगळंच दिसतंय. कोणी केलं?" मी म्हटलं, मी. तो म्हणाला, "यादी टाकलीत ती बरी केलीत." तेवढीच त्या कार्यक्रमातली एक खरी गोष्ट. भाषणात माझा उल्लेख नव्हता, मेमो मागे घेतला गेला नाही, आणि माझी पुढची नेमणूक वर्षाऐवजी सहा महिन्यांची निघाली. विचारलं तर म्हणाले, धोरण आहे.

नऊंपैकी एका मुलीला अर्ज मंजूर झाल्याचं कळवायला मी फोन केला. तीच, जिचे वडील आजारी होते. मधल्या काळात तिने कॉलेज सोडून दिवा स्टेशनजवळ एका औषधाच्या दुकानात काम धरलेलं. म्हणाली, "मॅडम, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल. कार्यालयातून तसंच सांगितलं फोनवर."

मी तिला काय झालं ते सगळं सांगितलं. वायर, मुख्य मशीन, पुसलेली डिस्क. तिला निम्मं कळलं असेल. ती म्हणाली, "म्हणजे मी कागद दिलेले होते ना?"

"दिलेले होतेस. वेळेत दिलेले होतेस."

"हे घरी पण सांगाल का जरा? बाबा अजून मलाच बोलतात."

मी म्हटलं, फोन दे त्यांना.